पहिल्या वर्षाला क्वांटम शिकवताना : प्रकल्प नोंदी, इंदूर

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्रात क्वांटम यांत्रिकीच्या घटकाला आमच्याकडे आठ तास मिळतात. तेही पन्नास मिनिटांचे, आणि त्यांतली पहिली पाच मिनिटे हजेरीत जातात. आजवर मी हा घटक इतिहासाच्या क्रमाने शिकवत आले : १९०० सालचा प्लँक, १९०५ चा आइन्स्टाइन, १९२३ चा कॉम्प्टन, १९२४ चा द ब्रॉयली. १९२६ च्या श्रोडिंगर समीकरणापाशी पोचेपर्यंत पाच तास संपलेले असतात आणि उरलेल्या तीन तासांत पेटीतला कण, अनिश्चितता आणि टनेलिंग (ऊर्जा अपुरी असूनही कण अडथळ्यापलीकडे सापडणे) अक्षरशः उरकले जाते. मुले सिद्धता पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, गुण मिळवतात आणि पुढच्या सत्रात अर्धवाहकांचा विषय सुरू झाला की जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बसतात.

गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काल पुन्हा चाळल्या. चाचणीत मी एक लहानसा प्रश्न घातला होता : पाच इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीच्या अडथळ्यावर आदळून पलीकडे गेला, तर पलीकडे त्याची ऊर्जा किती? उत्तर पाचच आहे, कारण अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना स्थितिज ऊर्जा सारखीच आहे आणि वाटेत ऊर्जा काढून घेणारे काहीही नाही. निम्म्याहून अधिक मुलांनी पाचापेक्षा कमी लिहिली होती. काहींनी तर आठातून पाच वजा करून सरळ तीन लिहिले होते. यांत पार जाण्याच्या संभाव्यतेचे सूत्र अचूक लिहिणारी मुलेही होती, म्हणजे गणित येत होते आणि तरीही उत्तर चुकत होते. या वर्षीचा प्रकल्प या एका प्रश्नातून निघाला आहे.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

रामबागेत सरांच्या घरी बैठक झाली. आम्ही तिघे आहोत : सर निवृत्त झाले आहेत, दुसरे सहकारी दुसऱ्या महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, आणि मी. तिघांच्याही घरी मराठी, वर्गात हिंदी आणि फळ्यावर इंग्रजी असा कारभार असल्याने नोंदी मराठीत ठेवायच्या असे सरांनी सुचवले. आपण स्वतःशी विषय कसा बोलतो हे त्यामुळे कागदावर येईल, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो पटला.

ठरले ते असे. इतिहास अर्ध्या तासात आटोपायचा. सुरुवात ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशापासून करायची, कारण तिथे निष्पत्ती दोनच असतात, प्रकाश पार गेला किंवा अडला, आणि गणिताला एक कोज्या (कोसाइन) पुरते. प्रत्येक कल्पनेला हातात धरता येईल असा एखादा प्रयोग किंवा रोजच्या वापरातले एखादे उपकरण जोडायचे. वर्गात प्रयोग होणार असल्याने साहित्य स्वस्त हवे आणि साठ मुलांना पुरेल एवढे हवे.

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

पोलरायझरच्या (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या फिल्मच्या) विकतच्या पट्ट्या साठ मुलांसाठी परवडत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेच्या काकांनी जेल रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांतून फुटलेल्या पडद्यांवरच्या आणि एका जुन्या मॉनिटरवरच्या फिल्म गोळा करून आणल्या. त्या सोलून, मागचा डिंक स्पिरिटने पुसून, पाच-पाच सेंटिमीटरचे चौकोन कापायला एक अख्खी दुपार गेली.

त्यानंतर घोटाळे सुरू झाले. मॉनिटरच्या फिल्मचे चौकोन आम्ही कडेला समांतर कापले होते, पण दोन चौकोन कडा जुळवून धरले आणि त्यांतला एक नव्वद अंशांत फिरवला की अंधार व्हायचा तो व्हायचाच, मग अक्ष नेमका कोणत्या दिशेला आहे हे कळेना. काकांनी त्यावर साधी युक्ती काढली. खिडकीसमोरच्या गुळगुळीत फरशीवरची चकाकी फिल्ममधून पाहायची आणि चकाकी सर्वांत कमी होईपर्यंत फिल्म फिरवायची. आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश बव्हंशी आडवा ध्रुवित असतो, त्यामुळे चकाकी मावळते तेव्हा फिल्मचा अक्ष उभा असतो. या कसोटीला लावल्यावर आमच्या मॉनिटरच्या फिल्मचा अक्ष कडेशी पंचेचाळीस अंशांत निघाला. जुन्या पडद्यांत असे असते हे वाचलेले होते, आठवले मात्र कापून झाल्यावर.

मोबाईलच्या फिल्मने याहून अधिक छळले. काका दोन तुकडे एकमेकांवर फिरवत होते आणि मला म्हणाले, "ताई, ही फिल्म अंधार करतच नाही हो, कितीही फिरवा." खरेच होत नव्हता. अर्ध्या तासाने उलगडा झाला. ओएलईडी पडद्याच्या फिल्ममध्ये बाहेरच्या प्रकाशाची चमक मारण्यासाठी पोलरायझरच्या आतल्या अंगाला चतुर्थांश-तरंगाचा आणखी एक थर चिकटवलेला असतो. दोन तुकड्यांचे हे थर समोरासमोर आले तर मधला प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित होतो आणि त्याला कोणतीही खास दिशा उरत नसल्याने दुसरा तुकडा कसाही फिरवला तरी फरक पडत नाही. दोन्ही तुकडे उलटे केले, थर बाहेरच्या बाजूंना गेले, आणि नव्वद अंशांवर गडद अंधार झाला. काकांनी प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात मार्करने ठिपका दिला आहे आणि ठिपका नेहमी बाहेर राहील अशी ताकीदही दिली आहे.

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पहिला तास झाला. मुलांनी दोन फिल्म आडव्या-उभ्या धरून अंधार केला, मग तिसरी फिल्म मधोमध पंचेचाळीस अंशांत सरकवली आणि उजेड परत आला. पहिल्या फिल्ममधून आलेल्या प्रकाशाचा आदर्श स्थितीत चौथा हिस्सा पार जायला हवा, कारण कोज्या-वर्ग पंचेचाळीस म्हणजे अर्धा आणि असे दोन टप्पे आहेत. आमच्या फिल्म जुन्या असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच गेला, पण "रोकने के लिए एक और लगाई तो रोशनी बढ़ी कैसे?" हा प्रश्न मागच्या बाकावरून आपसूक आला. तो यावा म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

पुढचा प्रश्न मात्र मी अपेक्षिला नव्हता. संगणक शाखेची एक मुलगी म्हणाली की हे तर साध्या तरंगांनीही समजते, विद्युतक्षेत्राचा घटक घेतला की झाले, मग यात क्वांटम कुठे आहे? तिचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, आणि ते वर्गासमोर मान्य करण्यात पाच मिनिटे गेली ती सत्कारणी लागली. टेबलावरचा प्रयोग क्वांटम सिद्ध करत नाही. प्रकाश इतका क्षीण केला की एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशाचा कण) येईल, तर त्या फोटॉनला अर्धे पार जाण्याची सोय नाही. शोधकात त्याची पूर्ण नोंद होते किंवा मुळीच होत नाही, आणि तिथे 'अर्धी तीव्रता' या शब्दांचा अर्थ 'अर्धी शक्यता' असा बदलावा लागतो. एकेक फोटॉन मोजणारा शोधक आमच्याकडे नाही, त्यामुळे हा भाग तुम्ही आमच्या शब्दावर घेत आहात, असेही सांगून टाकले.

तास संपता संपता एकाने लाल लेसर पॉइंटर फिल्ममधून भिंतीवर टाकला. ठिपका मंद झाला आणि लालच राहिला. त्या वेळी मी त्याकडे विशेष लक्ष दिले नाही.

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

शनिवारी अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) होत्या आणि रात्रभर जागलेले शहर रविवारी झोपले असले तरी आज सकाळीही वर्गात निम्मीच मुले होती. त्यामुळे व्याख्यान बाजूला ठेवून एलईडीचा प्रयोग घेतला, कारण त्याला गर्दी नसलेलीच बरी.

प्रयोग ओळखीचा आहे. एलईडीला दिलेला विद्युतदाब हळूहळू वाढवायचा, काळ्या कागदाची नळी डोळ्याला लावून पहिला उजेड दिसेल त्या क्षणी मल्टिमीटर वाचायचा, आणि इलेक्ट्रॉनने दिलेली ऊर्जा फोटॉनच्या ऊर्जेइतकी मानून प्लँकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा भागिले वारंवारिता) काढायचा. लाल दिव्याला (६३० नॅनोमीटर) १.६ व्होल्ट आला आणि निळ्याला (४७० नॅनोमीटर) २.३. एकेका दिव्यावरून काढलेला स्थिरांक दोन्ही वेळा कमी येतो, लालवरून तर सुमारे ५.४ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात, म्हणजे ६.६२६ या मान्य मूल्याच्या बरेच खाली. मुलांनी लगेच 'प्रायोगिक त्रुटी' असे लिहायला घेतले. हा शब्द म्हणजे आमच्या जर्नलांतला कचऱ्याचा डबा आहे, न कळलेले सगळे त्यात जाते. खरे कारण सांगता येण्याजोगे आहे : खोलीच्या तापमानाला काही इलेक्ट्रॉनांजवळ थोडी जास्तीची ऊर्जा असतेच, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला अत्यल्प प्रवाहातला उजेडही दिसतो, आणि म्हणून 'पहिला उजेड' प्रत्येक रंगाला साधारण सारख्याच फरकाने लवकर दिसतो. फरक सारखा असेल तर तो वजाबाकीत जातो. म्हणून दोन दिव्यांच्या दाबांतला फरक, ०.७ व्होल्ट, आणि तरंगलांबीच्या व्यस्तांतला फरक यांवरून चढ काढला, तर उत्तर ६.९ च्या आसपास आले. आमच्या साहित्याच्या मानाने हे फारच चांगले.

हिरव्याचा बिंदू मात्र रेषेच्या पार खाली पडत होता. काकांच्या डब्यात दोन जातींचे हिरवे दिवे मिसळले होते, एक ५२५ नॅनोमीटरचा नवा आणि एक पोपटी छटेचा जुना, ज्याची तरंगलांबी ५६५ च्या जवळपास असते. दोन्ही शेजारी पेटवल्यावर फरक डोळ्यांनाही कळला. २० मे २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकाचे मूल्य व्याख्येनेच नेमके ठरवलेले आहे, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचे तर आम्ही स्थिरांक मोजत नसून आमचे दिवे आणि डोळे तपासत आहोत, हे सांगितल्यावर एक मुलगा मनापासून निराश झाला.

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

द ब्रॉयली (प्रत्येक कणाला तरंगलांबी असते) आणि अनिश्चितता (स्थान आणि संवेग एकाच वेळी नेमके असू शकत नाहीत) एका तासात. क्रिकेटच्या चेंडूचे गणित सगळेच देतात, मी त्याऐवजी आपल्याच शहरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमधला (इलेक्ट्रॉन वेगाने गोल फिरवणाऱ्या यंत्रातला) इलेक्ट्रॉन घेतला. त्याची ऊर्जा २.५ गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पाठ केलेले सूत्र, म्हणजे १.२२७ भागिले दाबाचे वर्गमूळ, तिथे लावले तर तरंगलांबी जवळजवळ पन्नास पट जास्त येते, कारण ते सूत्र प्रकाशाच्या वेगाहून खूप हळू चालणाऱ्या इलेक्ट्रॉनसाठी आहे. जवळजवळ सगळा वर्ग त्या खड्ड्यात पडला.

अनिश्चिततेसाठी तंबोऱ्याची तार आणि टाळी. लांबत जाणाऱ्या स्वराची पट्टी सांगता येते, टाळीची सांगता येत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नाही. एवढेच केले, अधिक वेळ नव्हता.

१७ सप्टेंबर २०२५, बुधवार

पेटीतला कण. एक नॅनोमीटर रुंदीच्या पेटीत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पातळ्या ०.३८, १.५० आणि ३.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला येतात. आकडे मुलांनी स्वतः काढले आणि पातळ्यांतली काही अंतरे दृश्य प्रकाशाच्या पल्ल्यात येतात हे पाहून त्यांना बरे वाटले. दुसऱ्या पातळीत पेटीच्या मधोमध सापडण्याची शक्यता शून्य असेल तर कण डावीकडून उजवीकडे जातो कसा, हा दरवर्षीचा प्रश्न याही वर्षी आला. दरवर्षीप्रमाणेच उत्तर दिले की तरंगफलन (ज्याच्या वर्गावरून कण कुठे सापडण्याची किती शक्यता ते कळते) म्हणजे कणाची वाट नव्हे आणि निश्चित ऊर्जेच्या स्थितीत कोणीही इकडून तिकडे येरझारा घालत नसतो.

आजची खरी नोंद वेगळी आहे. मी नेहमीची आकृती काढली होती : उभ्या अक्षावर ऊर्जा, तीन आडव्या रेषा म्हणजे तीन पातळ्या, आणि प्रत्येक रेषेवर बसवलेले त्या पातळीचे तरंगफलन. सगळ्या पुस्तकांत हीच असते. शेवटच्या दहा मिनिटांत एका मुलाने फळ्याजवळ येऊन बोट ठेवून विचारले की दुसऱ्या पातळीच्या तरंगाचा उंचवटा तिसऱ्या पातळीच्या रेषेला टेकला आहे, तर कण अधूनमधून तिसऱ्या पातळीत जाऊन येतो का?

मी खडू हातात धरून ती आकृती पाहत राहिले. उभा अक्ष एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होता. पातळीची रेषा वाचताना तो ऊर्जेचा होता आणि तरंग वाचताना तरंगफलनाचा, आणि कुठे थांबून वाचन बदलायचे याची खूण फळ्यावर कुठेच नव्हती. मला ती लागत नाही, कारण पंचवीस वर्षे पाहून माझा डोळा आपोआप बदल करतो. त्या मुलाने आकृती जशी काढली होती तशीच वाचली.

मग टनेलिंगची आकृती डोळ्यांपुढे आली. अडथळ्याच्या डावीकडे मोठा तरंग, आत घसरत जाणारी वक्ररेषा, उजवीकडे बारीक तरंग, आणि हे सगळे ऊर्जेच्या आलेखावर चढवलेले. अडथळ्यात शिरल्यावर रेषा खाली घसरताना दिसते. उभा अक्ष ऊर्जेचा आहे असे समजून ती वाचणाऱ्याने पलीकडे ऊर्जा कमी झाली असे लिहिले, तर त्याने आकृती चुकीची वाचली असे म्हणता येणार नाही.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार

सरांकडे दोन तास याच एका विषयावर गेले. आकृतीबद्दल मतभेद झाला नाही : यापुढे दोन आलेख एकाखाली एक काढायचे. वरच्यात अडथळा आणि एकूण ऊर्जेची रेषा, जी डावीकडून उजवीकडे कुठेही न वाकता सरळ जाते. खालच्यात तरंगफलन, स्वतःच्या उभ्या अक्षासह. दोन्हींचा आडवा अक्ष तेवढा जुळवायचा आणि अडथळ्याच्या कडा तुटक रेषांनी खाली आणायच्या. एकावर दुसरा चढवायचा नाही, जागा कमी असली तरी नाही.

वाद झाला तो शब्दावर. हिंदीत मुले 'सुरंग' म्हणतात, मराठीत आपण 'बोगदा' म्हणू. बोगदा खणायला श्रम लागतात, आणि ज्याने पलीकडे ऊर्जा कमी झाली असे लिहिले तो मनातल्या मनात इलेक्ट्रॉनच्या हाती पहार देत असतो. माझ्या वर्गातल्या एकाने तर पाताळपाणीच्या रेल्वेचा दाखला दिला होता. तिथले बोगदे आधीच खणलेले आहेत आणि गाडीला बोगद्यावरचा डोंगर चढावा लागत नाही, हे त्याच्या लक्षात आणून दिल्यावर तो म्हणाला, मग इलेक्ट्रॉनसाठी कोणी खणून ठेवला? सरांनी 'पाझर' सुचवला. माठातून पाणी पाझरते तेव्हा पाण्याला काही खणावे लागत नाही आणि बाहेर थोडेसेच येते, ही कल्पना ऐकायला फार गोड आहे. सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे मोडता घातला : माठाला छिद्रे असतात, माठाचा पाझर ही छिद्रांची गोष्ट आहे, आणि मुले उद्या अडथळ्यात छिद्रे शोधू लागतील. शिवाय पाझरणे ही हळूहळू होणारी क्रिया आहे. सर हटायला तयार नव्हते. शेवटी 'टनेलिंग' हा शब्द तसाच ठेवावा असे ठरले, कारण आपल्या मुलांच्या कानाला त्यातून कोणतेही चित्र दिसत नाही आणि इथे चित्र न दिसणे फायद्याचे आहे. मला स्वतःला 'पाझर' गमावल्याचे वाईट वाटते आहे.

निघताना मला त्या लाल ठिपक्याची आठवण झाली.

२५ सप्टेंबर २०२५, गुरुवार

टनेलिंगचा तास. सुरुवातीला खोलीचे पडदे ओढले, लाल लेसर भिंतीवर टाकला आणि मध्ये फिल्म धरून हळूहळू फिरवली. ठिपका मंद होत गेला. विचारले, काय कमी झाले? "रोशनी." रंग बदलला? नाही. म्हणजे प्रत्येक फोटॉनची ऊर्जा बदलली? थोडा वेळ शांतता, मग नाही. मग कमी काय झाले? पहिल्या बाकावरच्या मुलाने सांगितले की पार जाणाऱ्यांची संख्या. जो पार गेला तो आपली पूर्ण ऊर्जा घेऊन गेला. हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आणि तास संपेपर्यंत पुसले नाही. ही तुलना अर्धवट आहे हेही सांगितले : फिल्म न गेलेला प्रकाश शोषून घेते आणि अडथळा न गेलेला इलेक्ट्रॉन परत पाठवतो. पण आम्हाला जी गाठ सोडवायची होती ती तिने सुटली.

त्यानंतर दोन आलेखांची आकृती काढली आणि मग गणित. ऊर्जा पाच, अडथळा आठ, रुंदी अर्धा नॅनोमीटर : सुमारे १९०० इलेक्ट्रॉनांतला एक पार जातो. रुंदी दुप्पट, म्हणजे एक नॅनोमीटर केली, तर सुमारे एक कोटी पस्तीस लाखांतला एक. रुंदी दुप्पट झाल्यावर शक्यता निम्मी होईल असा बहुतेकांचा अंदाज होता. तो साफ कोसळलेला पाहून वर्गात जी कुजबुज झाली ती मला आवडली. याच तीव्र उतारावर स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक चालतो, ज्यासाठी बिनिग आणि रोहरर यांना १९८६ चे नोबेल मिळाले : सुई आणि पृष्ठभाग यांच्यातली फट एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाने वाढली तरी प्रवाह एकदम आठ-दहा पट घटतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या (प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाखालच्या) ऑक्साइडचे उदाहरण सर्वांत जवळचे ठरले. सिलिकॉन डायऑक्साइडचा थर पातळ करत करत १.२ नॅनोमीटरपर्यंत आणल्यावर त्यातून टनेलिंगने होणारी गळती परवडेनाशी झाली, आणि २००७ मध्ये इंटेलने चिपच्या ४५ नॅनोमीटरच्या पिढीत हॅफ्नियमयुक्त पदार्थ वापरून थर जाड केला, तोही गेटची पकड सैल न होऊ देता. खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये हीच गळती मुद्दाम घडवून आणली जाते, हे ऐकून एकाने पेन ड्राइव्ह काढून उजेडात धरून पाहिला.

शेवटी तोच जुना प्रश्न चिठ्ठ्यांवर विचारला. बहुतेकांनी पाच लिहिले, पण कारण मागितले होते म्हणून बरे झाले. बऱ्याच चिठ्ठ्यांवर असे होते की इलेक्ट्रॉन अडथळा ओलांडण्यासाठी ऊर्जा उसनी घेतो आणि पलीकडे गेल्यावर परत करतो, म्हणून पाच. हे मी शिकवलेले नाही, मोबाईलवरच्या चित्रफितींतून आलेले आहे. उत्तर बरोबर आणि कारण भलतेच, ही चूक अधिक चिवट असते, कारण तिला गुण मिळतात. आपण जी स्थिती सोडवतो तिची ऊर्जा सगळीकडे एकच आणि निश्चित आहे, वरच्या आलेखातली रेषा म्हणूनच सरळ आहे. उसने घेणार कोण, कोणाकडून, आणि रेषा कुठे वर गेलेली दिसते?

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

काल दुपारी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले : जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस, विद्युत मंडलातल्या स्थूल टनेलिंगसाठी आणि ऊर्जेच्या पुंजीकरणासाठी (ऊर्जा ठरावीक टप्प्यांतच असण्यासाठी). काम १९८४-८५ मधले, बर्कलीचे. आज तासाला जायच्या आधीच विद्युत शाखेची मुले दारात उभी होती, कारण आपल्या विषयातला 'सर्किट' हा शब्द नोबेलच्या वाक्यात पाहून त्यांना मानाचे पान मिळाल्यासारखे वाटले होते.

अर्धा तास त्यावर दिला. त्या प्रयोगात अतिवाहकाच्या (वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थाच्या) दोन तुकड्यांमध्ये पातळ विद्युतरोधक थर होता आणि मंडल दाबाविना प्रवाह वाहणाऱ्या स्थितीत अडकलेले होते. त्या स्थितीतून ते टनेलिंगने बाहेर पडले की मोजता येईल असा दाब एकाएकी उमटायचा. टनेलिंग झाले ते एखाद्या इलेक्ट्रॉनचे नव्हे, तर असंख्य इलेक्ट्रॉन-जोड्यांना एकत्र व्यक्त करणाऱ्या एका राशीचे, दोन्ही बाजूंच्या कलांतराचे (तरंगांच्या टप्प्यांतल्या फरकाचे). आलेख काढला तर आडव्या अक्षावर स्थान नसतेच, कलांतर असते. बोगदा, भिंत, पहार, पाझर, सगळेच तिथे निकालात निघते. सरांना फोन करून हे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे माझा माठ फुटला म्हणायचा," आणि हसले.

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार

अडचण. परीक्षेच्या नमुना उत्तरांत टनेलिंगची जुनी, एकावर एक चढवलेली आकृतीच दिलेली आहे आणि तिला दोन गुण आहेत. विचारणा केली, 'प्रमाणित आकृती अपेक्षित' एवढेच उत्तर आले. मुलांचे गुण पणाला लावण्याचा मला अधिकार नाही. म्हणून आज जुनी आकृतीही शिकवली, तिच्यातल्या दोन उभ्या अक्षांना दोन रंग देऊन, आणि आधी दोन आलेख काढून मग त्यांवरून ती तयार करायची असा सराव घेतला. हे मनाविरुद्ध केले, पण झाले असे की दोन आलेख एकमेकांवर चढवताना मुलांना स्वतःच कळू लागले की ऊर्जेची रेषा आणि तरंगाचा मधला अक्ष हे केवळ सोयीसाठी एकत्र आणले आहेत. बंदी घालण्यापेक्षा हा मार्ग बरा होता असे आता वाटते.

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीनंतरच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या. पाच आणि आठचा प्रश्न आकडे आणि संदर्भ बदलून विचारला होता. ऊर्जा कमी होते असे लिहिणारी मुले आहेत, पण आता ती शोधावी लागतात. उसनवारीचे कारण लिहिणारी मात्र अजून बरीच आहेत, आणि त्यांच्यासाठी आमच्याजवळ लाल ठिपक्यासारखे काही नाही. एक नवी चूकही आली आहे : खालच्या आलेखाला स्वतंत्र अक्ष मिळाल्यामुळे तरंगफलन शून्याच्या खाली गेलेले ठळक दिसते आणि काहींनी त्याला ऋण संभाव्यता म्हटले आहे. जुन्या आकृतीत हा प्रश्न उठत नव्हता, कारण तिथे शून्य कुठे आहे हेच दिसत नव्हते. पुढच्या वर्षी तरंगफलनाच्या वर्गाचा, म्हणजे संभाव्यतेचा, तिसरा आलेख खाली जोडायचा का, यावर तिघांचे एकमत नाही. फळ्याची उंची पुरणार नाही असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे आणि ते मोजून सांगत आहेत.

काकांनी फिल्मचे चौकोन परत मोजून घेतले. चार कमी भरले. उरलेले बुटांच्या खोक्यात, दोन कप्प्यांत ठेवले आहेत : मॉनिटरचे वेगळे, मोबाईलचे वेगळे. झाकणावर त्यांनी मराठीत लिहिले आहे, "ठिपका बाहेर."